उजेड आणि पाणी

कलावंताच्या घरी जन्मास येणे हे मोठे भाग्य होय, असे ज्यांचा जन्म कलावंताच्या घरी झालेला नसतो ती माणसे फार खात्रीने सांगतात. ते ऐकून मला नेहमी थोडे हसू येते. माझे वडील चित्रकार होते. त्यांच्या चित्रकलेपायी आमचे सात माणसांचे कुटुंब गिरगावातील चाळीतून उठले, आणि मुंबईच्या उत्तरेस, वसई तालुक्यातील निर्मळजवळच्या एका वाडीत, जेथे वीज नव्हती आणि नळही नव्हता अशा एका कौलारू घरात जाऊन राहिले. ही गोष्ट १९५७ सालची. मी तेव्हा नऊ वर्षांची होते. त्या दिवसांचे भाग्य आणि त्याची किंमत ही दोन्ही मी जवळून पाहिली आहेत.

आज हे सारे आठवण्याचे कारण मात्र परवाचेच आहे. माझा भाचा मला म्हणाला, "आत्या, वाडीतलं ते बावखल आता बुजवून टाकावं म्हणतो. घरात नळ आला आहे. त्या खड्ड्याचा उपयोग काय? भर घातली तर दोन मोटारी सहज उभ्या राहतील." ज्या वाचकांनी वसई पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगावयास हवे, की बावखल म्हणजे वाडीच्या मध्यावर खणलेले लहानसे तळे. पावसाचे पाणी त्यात साठते, हळूहळू जमिनीत मुरते आणि आसपासच्या विहिरींना पोचते. भाच्याचे बोलणे अव्यवहारी नव्हते. तथापि मी त्यास तेथल्या तेथे उत्तर देऊ शकले नाही. ते उत्तर एका वाक्यात मावणारे नव्हते.

माझ्या वडिलांना आम्ही अण्णा म्हणत असू. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत त्यांचे शिक्षण झाले होते, आणि शिक्षण संपल्यावर पुष्कळांचे होते तेच त्यांचे झाले. एका छापखान्यासाठी ते कॅलेंडरांची चित्रे काढू लागले. लक्ष्मी, सरस्वती, बाळकृष्ण, पुन्हा लक्ष्मी. लक्ष्मीचा चेहरा त्या साली गाजत असलेल्या नटीसारखा हवा, असे मालक सांगत. अण्णा निमूटपणे तो तसा काढीत आणि घरी आल्यावर दोन घटका कोणाशी बोलत नसत. चाळीतील दोन खोल्यांत आम्ही सातजण, शिवाय काका-काकू आणि त्यांची दोन मुले. अण्णांचे चित्र काढण्याचे ठिकाण म्हणजे गॅलरीचा कोपरा. तेथे दुपारी तीननंतर समोरच्या इमारतीची सावली पडे आणि कागदावरचा पिवळा रंग मातकट दिसू लागे.

चित्रकाराला उत्तरेचा उजेड हवा, असे त्यांच्या विलायती पुस्तकांत लिहिलेले होते. उत्तरेच्या खिडकीतून सूर्य स्वतः आत येत नाही, केवळ आकाश येते; म्हणून तो उजेड सकाळपासून सायंकाळपर्यंत एकसारखा राहतो, सावल्या जागा बदलीत नाहीत आणि रंग फसवीत नाही. अण्णांनी हे वाक्य आम्हांला इतक्या वेळा ऐकविले होते, की माझा सहा वर्षांचा भाऊ परवचा म्हणताना मध्येच ते म्हणून टाकीत असे. त्यातच त्यांच्या एका परिचिताचे निर्मळजवळचे घर रिकामे असल्याचे कळले. भाडे नाममात्र. घराच्या मागील अंगास उत्तरेकडे तोंड असलेली एक खोली. झाले! अण्णांनी निश्चय केला.

आईची संमती त्यांनी मागितली, परंतु ती मागताना पुराव्यादाखल दादासाहेब फाळक्यांचे उदाहरण दिले. "राजा हरिश्चंद्र" हा चित्रपट १९१३ च्या मे महिन्यात मुंबईत लागला, आणि त्याच साली फाळके सारा कारखाना व कुटुंबकबिला घेऊन नाशकास गेले. मुंबईबाहेर पडल्यामुळे त्यांची कला वाढली, असे अण्णांचे म्हणणे. आई गिरगावातील एका मुलींच्या शाळेत शिक्षिका होती. इतिहास तिलाही ठाऊक होता. ती म्हणाली, "फाळक्यांचं बरोबर आहे. पण त्यांच्या सरस्वतीबाईंनी काय काय केलं तेही वाचलंय ना तुम्ही? सगळ्या कंपनीचा स्वयंपाक त्यांनी केला, रात्री बसून फिल्मच्या पट्टीला भोकं पाडली आणि वर पोरं सांभाळली. तुम्ही फाळके व्हायला निघाला आहात. मला सरस्वतीबाई व्हायचं आहे की नाही, हे अजून कोणी विचारलेलं नाही."

अण्णा गप्प झाले. आईनेही पुढे वाद घातला नाही. महिन्याभरात तिने शाळेतील जागा सोडली. निरोपसमारंभात मुलींनी तिला एक चांदीचे फुलपात्र दिले. ते तिने ट्रंकेच्या तळाशी ठेवले, आणि ट्रंक बांधताना तिने एकदाही मान वर केली नाही, एवढे मला आठवते.

कार्तिकात आम्ही निघालो. काका-काकू चाळीतच राहिले. आजी आणि आमची विधवा आत्या आमच्याबरोबर आल्या. विजेची गाडी १९३६ सालापासूनच विरारपर्यंत जात होती, त्यामुळे प्रवास म्हणावा तर काहीच नाही, पण वसईच्या खाडीवरचा लांबलचक पूल ओलांडताना आजीने खिडकीतून हात जोडले आणि ती म्हणाली, "गंगा ओलांडली. आता परत कधी यायचं ते त्यालाच ठाऊक." स्टेशनावरून टांगा केला. रस्त्याच्या दुतर्फा केळीच्या बागा, पानवेली, जाई-मोगऱ्याचे वाफे आणि जागोजाग पांढरे क्रूस. कोठे रेडा जुंपलेला रहाट कुरकुरत फिरत होता आणि त्याच्या मडक्यांतून पडणारे पाणी पाटाने बागेत शिरत होते. अण्णा टांग्यात उभे राहून दोन्ही हातांनी चौकट करून सारे पाहत होते. आई आमच्या धाकट्याची उलटी पुशीत होती.

घर मातीच्या जमिनीचे, मंगळुरी कौलांचे. पुढे ओटी, मध्ये माजघर, मागे स्वयंपाकघर आणि त्याला लागून ती प्रसिद्ध उत्तरेची खोली. आजीने ती पाहून सांगितले, "उत्तरेकडे डोकं करून निजू नये म्हणतात. या मुलानं तर सगळं घरच उत्तरेकडे तोंड करून बसवलं!" रात्री कंदिलाच्या उजेडात पिठले-भात जेवलो. बाहेर कोल्हेकुई सुरू झाली, तशी आत्याने दाराला आतून पाटा लावून ठेवला.

पहिले चार महिने अण्णांचे होते. हिवाळ्यात त्या खोलीतील उजेड खरोखरच पुस्तकात लिहिल्याप्रमाणे होता. भल्या पहाटे ते कागद घेऊन किल्ल्याच्या बाजूस जात आणि पडक्या चर्चच्या कमानी रंगवून आणीत. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाकडून पोर्तुगीजांच्या हाती आलेली आणि १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी आप्पांनी जिंकून घेतलेली वसई. तिच्या तटावर वाढलेले वड-पिंपळ त्यांच्या चित्रांत दगडापेक्षाही जुने दिसत. आठवड्यातून एकदा ते कॅलेंडरांची चित्रे मुंबईस पोचवीत, कारण पोट त्यांवरच होते. आम्ही मुले मोकळी सुटलो होतो. आत्या सोवळ्यातली कामे सांभाळी. आई मात्र पहाटे चारपासून विहिरीवर असे. पोहऱ्याने पाणी काढून काढून तिच्या तळहातांना घट्टे पडले. पूर्वी त्याच हातांवर खडूची पूड असे.

चैत्र लागला आणि उत्तरेच्या खोलीने पहिला दगा दिला. एके दिवशी सकाळी साडेसातला खिडकीतून उन्हाची लांब तिरीप आत आली आणि नेमकी अर्ध्या झालेल्या चित्रावर पडली. सायंकाळी दुसऱ्या अंगाने तसेच. अण्णांनी आधी खिडकीला दोष दिला, मग घर बांधणाऱ्याला. वस्तुतः दोष कोणाचाच नव्हता. मार्चच्या एकविसाव्या तारखेनंतर सूर्य पूर्वेच्या उत्तरेस उगवू लागतो. आणि वसई विषुववृत्तापासून अवघ्या एकोणीस-साडेएकोणीस अंशांवर असल्यामुळे मेच्या मध्यापासून जुलैच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत येथे दुपारचा सूर्यसुद्धा डोक्यावरून किंचित उत्तरेस सरकलेला असतो. विलायतेत तो वर्षभर दक्षिणेकडेच राहतो. पुस्तक खरे होते, परंतु ते लंडनचे होते. यावर उपाय म्हणून अण्णांनी खिडकी मोठी करून तिला वर रुंद झडप आणि काचेची तावदाने बसविण्याचे ठरविले. कॅलेंडरांच्या मोबदल्यातून थोडे थोडे बाजूला टाकून त्यांनी दोनशे रुपये जमविले. ते एका रंगाच्या रिकाम्या डब्यात असत, आणि डबा कोठे असतो हे घरात सर्वांना माहीत असूनही त्यास कोणी हात लावीत नसे.

वैशाखात विहिरीने दुसरा दगा दिला. पाणी मचूळ झाले. प्रथम आईने ते कोणाला सांगितले नाही. पण डाळ शिजेना, चहात दूध नासू लागले, धुतलेले कपडे कडक होऊ लागले. समुद्र घरापासून दीड-दोन मैलांवर. अशा रेताड किनाऱ्यावर जमिनीखाली गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. गोडे हलके, खारे जड. वरून पावसाचे पाणी मुरत राहिले तर गोड्याचा थर टिकतो. मुरणे थांबले आणि उपसा चालूच राहिला, तर खालचे खारे वर येते. आमच्या वाडीतले बावखल आधीच्या वहिवाटदाराच्या हलगर्जीपणाने गाळाने भरून गेले होते. त्यात आम्ही केळीचे सोपट आणि राख टाकीत होतो. तो उकिरडा नसून आमच्या विहिरीचा घसा आहे, हे आम्हां गिरगावकरांना कोठून ठाऊक असणार?

हे आम्हांला सांगितले ते शेजारच्या वाडीतील मावशींनी. त्या कुपारी समाजातल्या, म्हणजे सामवेदी बोली बोलणाऱ्या ख्रिस्ती. लाल लुगडे नेसत, पहाटेच्या गाडीने भाजीची पाटी घेऊन दादरला जात आणि परत येताना आम्हां मुलांच्या हातांवर सुकेळी ठेवीत. त्यांच्या विहिरीचे पाणी वैशाखातही गोड असे, कारण त्यांचे बावखल दर उन्हाळ्यात उपसले जाई. "पाणी आमच्याकडून न्या," असे त्यांनी आईला सांगितले. आई दुसऱ्याच दिवशी दोन घागरी घेऊन आली. आम्ही मुले, अण्णा आणि आई ते पाणी पिऊ लागलो. आत्याने मौन धरले. आजी मात्र ते पाणी घेईना. तिच्या दृष्टीने प्रश्न सरळ होता. ख्रिस्त्यांच्या विहिरीचे पाणी!

वसईत एक कथा घरोघर सांगितली जाते. पोर्तुगीज अमदानीत पाद्र्यांनी गावच्या विहिरीत पाव टाकला. लोक नकळत ते पाणी प्याले. आणि मागाहून कळल्यावर सारे गावच्या गाव बाटले. इतिहास म्हणून तीत तथ्य किती, हा निराळा विषय. धर्मांतरे झाली ती अनेक कारणांनी आणि अनेक वर्षांत झाली. परंतु आजीने ती कथा निर्मळच्या देवळात ऐकली होती, आणि तिच्या मनात विहीर, पाव आणि बाटणे ही एकाच दोरीत ओवलेली होती.

आठ दिवस ती मचूळ पाणीच पीत राहिली. वय बहात्तर, उन्हाळा कडक, त्यात एकादशीचा उपास. पोटात काही ठरेना. अण्णांनी दोन वेळा निर्मळमधील एका ओळखीच्या ब्राह्मणाच्या घरून कळशी वाहून आणली. पण रोज तेवढी पायपीट करून मुंबईची कामे कशी व्हावयाची? वैद्यांनी स्पष्ट सांगितले, "यांना गोडं पाणी द्या, नाही तर पावसाळा दिसायचा नाही." आजी म्हणाली, "न दिसला तर न दिसला." आत्या देवापुढे बसून रडली. आईने काही न बोलता दुसऱ्या घागरीवर ओले फडके बांधले आणि ती आजीच्या खोलीबाहेर ठेवून दिली. घागर तशीच भरलेली राहिली.

नवव्या दिवशी पहाटे आजी अंथरुणात नव्हती. अण्णा धावत बाहेर पडले, मीही त्यांच्या मागे गेले. शेजारच्या वाडीत, क्रूसाजवळच्या विहिरीशी आजी तांब्या घेऊन उभी होती. पाच हातांवर मावशी उभ्या. त्या आजींना सांगत होत्या, की दोर नवा आहे, पोहरा घासून ठेवला आहे, मी कशासही शिवत नाही, तुम्ही आपल्या हाताने काढून घ्या. इतके दिवस आपले पाणी या घरातील म्हातारी का घेत नाही हे त्यांना पुरते ठाऊक होते, आणि तरीही तिचे सोवळे राखण्यासाठी त्या स्वतःच्या विहिरीपासून दूर उभ्या राहिल्या होत्या. आजीने दोराला हात घातला. दोनदा ओढून पाहिला. मग ती म्हणाली, "मला ओढवत नाही बाई. तूच घाल." आणि तिने तांब्या पुढे केला.

मावशींनी पाणी काढले. तांब्यात ओतताना त्यांच्या हातून थोडे बाहेर सांडले. आजी तेथेच, विहिरीच्या काठावर बसून, अर्धा तांब्या प्याली.

घरी आल्यावर ती आत्याला म्हणाली, "विहिरीत पाव कोणी टाकला ते मला माहीत नाही. ज्यानं टाकला असेल त्यानं एकदा टाकला. दार लावून बसलो ते आपण. आज पाणी घालताना तिचा हात कापत होता. माझा नाही कापला." या पलीकडे त्या विषयावर ती पुन्हा कधी बोलली नाही. त्या दिवसापासून आजी सुधारक झाली, असे मात्र वाचकांनी समजू नये. कांदा तिच्या चुलीजवळ अखेरपर्यंत गेला नाही, आणि आम्ही मुले बाहेरून आलो की ती पूर्वीसारखीच पाय धुवावयास पिटाळी. बदलली ती एकच गोष्ट. तिचा तांब्या रोज सकाळी मावशींच्या विहिरीवर जाई.

त्याच रात्री आई आणि अण्णा ओटीवर बोलत बसली होती. मी जागी होते. आई म्हणाली, "तुम्हांला उजेड हवा होता, म्हणून आपण इथं आलो. मी येऊन सहा महिने झाले. मला पाणी हवं आहे." अण्णांनी विचारले, "किती लागतील?" "बावखल उपसायला चार गडी, आठ-दहा दिवस. काठाला दगड. मावशींनी हिशेब सांगितला आहे. दोनशे." अण्णा बराच वेळ बोलले नाहीत. दोनशे म्हणजे काय, हे त्यांनाही कळले होते आणि मलाही. मग ते आत गेले, कंदील घेऊन बाहेर आले आणि एक चित्र त्यांनी आईपुढे धरले. त्याच आठवड्यात काढलेले समुद्राचे जलरंगचित्र. आकाशाच्या निळ्या थरावर जागोजाग पांढरट ठिपके उमटले होते. "सबंध कागद वाया गेला," ते म्हणाले, "रंगाचा दोष म्हणून मी दुकानदाराला पत्र लिहिणार होतो. मीठ आहे ते. विहिरीचं." आणि थोड्या वेळाने, "तू सहा महिने तळहाताला सोसलंस ते मला कागदावर उमटल्यावर दिसलं." रंगाचा डबा त्यांनी आईच्या पुढ्यात ठेवला.

ज्येष्ठ लागण्यापूर्वी बावखल उपसून झाले. गाळ केळींना घातला. अण्णा स्वतः चार दिवस टोपल्या उचलीत होते आणि फोड आलेले हात कौतुकाने सर्वांना दाखवीत होते. आई त्यांच्या हातांकडे पाही आणि हसे. मग पाऊस आला. तीन रात्रींत बावखल काठोकाठ भरले आणि बेडकांनी आम्हांला झोपू दिले नाही. पुढील वैशाखात आमच्या विहिरीचे पाणी गोड राहिले.

उत्तरेच्या खोलीची खिडकी मात्र राहून गेली ती कायमची. त्या पावसाळ्यात तर खोलीही गेली. कौले गळू लागली, तैलचित्रांवर बुरशी चढली, चौकटींना वाळवी लागली, आणि सारे सामान माजघरात आणावे लागले. तेथे आमचा अभ्यास, आत्याचे जपाचे आसन, लोणच्याच्या बरण्या आणि वाळत घातलेली लुगडी यांच्या गर्दीत अण्णांना बसावे लागले. उजेड येई तो छपरातील एका काचेच्या कौलातून. गिरगावात त्यांच्या कामात कोणी बोलले तर ते ब्रश फेकीत. येथे धाकटा त्यांच्या मांडीवर झोपे आणि ते उजव्या हाताने रंग देत. त्या श्रावणात त्यांनी एक जलरंगचित्र काढले. विहीर, पोहऱ्याचा दोर धरलेली लाल लुगड्यातील बाई, आणि तांब्या पुढे करून उभी असलेली अलवणातली म्हातारी. दोघींच्या मधली जागा कोरी ठेवलेली आहे. तेथे कागदाचा स्वतःचाच पांढरा रंग दिसतो. ते चित्र त्यांनी कोणत्याही प्रदर्शनाला पाठविले नाही. आजीने ते पाहून "माझं नाक एवढं मोठं नाही" एवढाच शेरा दिला.

अण्णा नावारूपास आले नाहीत. मुंबईच्या प्रदर्शनांत त्यांची काही चित्रे लागली, काही परत आली, आणि कॅलेंडरांनी आम्हां तिघांची शिक्षणे केली. आईने दुसऱ्या वर्षापासून माजघरातच वाडीतील मुलींना शिकविण्यास सुरुवात केली. मावशींच्या दोन नातीही त्यांत होत्या. पुढे ती तेथील एका शाळेत नोकरीस लागली आणि निवृत्त होईपर्यंत शिकवीत राहिली. ते चांदीचे फुलपात्र तिने ट्रंकेतून काढले ते त्या नोकरीच्या पहिल्या दिवशी. घर आम्ही पुढे विकत घेतले.

१९७६ साली डहाणूकडील जिव्या सोमा मशे यांच्या वारली चित्रकलेस राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ती बातमी अण्णांनी मोठ्याने वाचून दाखविली. वारली घरांत लग्नाचा चौक काढणे हे मूळचे सुवासिनींचे काम; मशे यांनी ती रेघ घराच्या भिंतीवरून जगापुढे नेली. अण्णांना विशेष वाटले ते त्या रंगाचे. "तांदळाचं पीठ आणि पाणी," ते म्हणाले, "उत्तरेची खिडकीसुद्धा नाही. झोपडीच्या अंधारात काढतात." आई भाजी निवडीत होती. ती म्हणाली, "पाणी लागतं ना पण?"

असो. त्यानंतर वसईतून पुष्कळ पाणी वाहून गेले, आणि हे मी केवळ वाक्प्रचार म्हणून म्हणत नाही. १९८० च्या दशकात येथील विहिरींचे पाणी टँकरांनी बाहेर जाऊ लागले, विहिरी खारट होऊ लागल्या, बागा सुकल्या. तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली आणि सर्व धर्मांची माणसे रस्त्यावर आली. त्या मोर्च्यांत आई होती, मावशींच्या नातीही होत्या. २००९ साली वसई-विरार महानगरपालिका झाली, २०१४ साली पालघर हा निराळा जिल्हा झाला, सूर्या नदीचे पाणी नळाने आले. इमारती उठल्या, बावखले बुजली. जेथे ती बुजली तेथे पावसाळ्यात पाणी घरांत शिरते आणि उन्हाळ्यात विहिरीला मचूळपणा येतो. मुरावयाचे पाणी मुरावयास जागा राहिली नाही, की ते माणसांच्या उंबऱ्याशी येऊन उभे राहते.

भाच्याला मी हे सारे सांगितले. तो आणि त्याची बायको शांतपणे ऐकत होती. निर्णय त्यांचा आहे, कारण घर आता त्यांचे आहे आणि मोटारी उभ्या करावयास जागा लागतेच, हे मला समजते. माजघराच्या भिंतीवर अण्णांचे ते चित्र अजून आहे. खालच्या कोपऱ्यात थोडी ओल चढली आहे.

मी उठले, विहिरीवर गेले. हातात तितका जोर राहिलेला नाही, म्हणून पोहरा अर्धाच भरून काढला. आईचे चांदीचे फुलपात्र घासून घेतले आणि त्यातून दोघांनाही थोडे थोडे पाणी दिले. वैशाखाचे दिवस होते. सुनेने घोट घेतला, नवऱ्याकडे पाहिले आणि फुलपात्र पुन्हा माझ्यापुढे केले.

"अजून थोडं घाला, आत्या."